भिंतीचे पैसे कोण देणार? अमेरिकेच्या ३५ दिवसांच्या शटडाऊनचं प्रकरण

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणजे जगातला सगळ्यात पॉवरफुल माणूस असं आपल्याकडे धरूनच चालतात लोक, पण याच खुर्चीत बसलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांना डिसेंबर २०१८ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायला ५७० कोटी डॉलर हवे होते, ते मिळेनात, आणि त्या हट्टापायी फेडरल सरकारचा साधारण चौथा हिस्सा ३५ दिवस बंद पडला. ५७० कोटी डॉलर आकडा मोठा वाटतो पण त्या वर्षीचा फेडरल सरकारचा एकूण खर्च होता ४.४ लाख कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे शंभर रुपयांच्या खर्चातल्या तेरा पैशांवरून भांडण. संसद आणि सरकार एकमेकांना नक्की कुठे कुठे अडवू शकतात हे या एका प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसेल, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. (खाली जिथे काँग्रेस लिहिलंय तिथे अमेरिकेची संसद समजायची, आपला पक्ष नाही. हाऊस म्हणजे तिचं खालचं सभागृह, सिनेट म्हणजे वरचं.)

आधी आपल्या डोक्यातला साचा बाजूला ठेवावा लागतो. आपल्याकडे पंतप्रधान लोकसभेतल्या बहुमतातूनच येतो, त्यामुळे सरकारला पैसे मिळाले नाहीत असं होतच नाही. बजेट लांबलं तर लेखानुदान घेतात, वर्षाच्या मधे कमी पडलं तर पुरवणी मागण्या आणतात, आणि समजा लोकसभेने विनियोजन विधेयक पाडलंच तर बंद पडत नाही काही, सरकारच पडतं, नवीन येतं. राज्यात विधानसभेचं पण तेच. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, हाऊस वेगळं, सिनेट वेगळं, तिघांच्या मुदती वेगळ्या, आणि महाभियोग सोडला तर कोणी कोणाला घरी पाठवू शकत नाही. सोसायटीत सेक्रेटरी वेगळ्या मतदानाने आलाय, चेकबुक ठेवणारी कमिटी वेगळ्या मतदानाने आलीय, दोघांचं पटत नाही आणि दोघांनाही मुदत संपेपर्यंत काढता येत नाही, अशी अवस्था. मग लिफ्ट बंद पडते.

चेकबुक काँग्रेसकडे, यात वाद नाही. राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. (आपल्याकडे अनुच्छेद २६६ मध्ये संचित निधीबद्दल जवळपास हेच आहे.) अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि खर्चाची १२ वेगवेगळी विधेयकं दर वर्षी पास व्हावी लागतात. ती वेळेत होत नाहीत, मग 'जुन्याच दराने अजून थोडे दिवस चालवा' असा तात्पुरता कायदा करतात. २०१८ मध्ये १२ पैकी ५ विधेयकं सप्टेंबरमध्येच झाली होती, त्यात संरक्षण, शिक्षण, आरोग्य, कामगार खातं वगैरे आलं. राहिलेल्या ७ साठी ७ डिसेंबरपर्यंतची तात्पुरती सोय केली, मग थोरले जॉर्ज बुश वारले, त्यांच्या अंत्यसंस्कारामुळे ती मुदत २१ डिसेंबरपर्यंत ढकलली. आणि राहिलेल्या सातात होमलँड सिक्युरिटी होतं, म्हणजे भिंतीचं खातं.

आता एक गंमत. पैसे मंजूर नसले तर ऑफिस बंदच करायचं असं घटनेत कुठेही नाही. मंजुरीशिवाय खर्च करायचा नाही असा १९ व्या शतकातला जुना कायदा आहे, पण १९८० पर्यंत अशी फट पडली तरी खाती थोडा हात आखडता घेऊन चालूच राहायची, काँग्रेस देईलच पैसे म्हणून. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी लेखी मत दिलं की नाही, कायद्याचा अर्थ असा की काम थांबवलंच पाहिजे, आणि १९८१ मध्ये पुरवणी मत दिलं की जीव आणि मालमत्ता वाचवणारी कामं तेवढी चालू ठेवा. म्हणजे शटडाऊन नावाची भानगड सरकारच्याच वकिलाच्या दोन कागदांतून आलेली आहे. मला तर हे कळलं तेव्हा पटेचना.

डिसेंबर: हातातोंडाशी आलेलं गेलं

११ डिसेंबर २०१८, ओव्हल ऑफिस. ट्रम्प, समोर विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते नॅन्सी पलोसी आणि चक शूमर, आणि कॅमेरे चालू. सहसा असल्या मीटिंगमध्ये दोन मिनिटं फोटो होतात आणि पत्रकारांना बाहेर काढतात, इथे सगळी वादावादी कॅमेऱ्यासमोर झाली आणि ट्रम्प बोलून गेले की सीमेच्या सुरक्षेसाठी सरकार बंद करायला मला अभिमानच वाटेल, दोष तुम्हाला देणार नाही, मी घेईन. शटडाऊनमध्ये अर्धी लढाई 'कोणामुळे झालं' याचीच असते, आणि ती ट्रम्प पहिला दिवस उजाडायच्या आधीच हरले होते.

त्या वेळी हाऊस, सिनेट, व्हाईट हाऊस तिन्ही रिपब्लिकन पक्षाकडे होतं हे लक्षात घ्या. नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट्सनी हाऊस जिंकलं होतं पण नवीन लोक बसणार होते ३ जानेवारीला. मग स्वतःच्याच काँग्रेसकडून पैसे का नाही घेता आले? कारण सिनेटमध्ये चर्चा संपवून मतदानाला यायला १०० पैकी ६० मतं लागतात, आणि रिपब्लिकन होते ५१. हा ६० चा आकडा पण घटनेत नाही हां, सिनेटने स्वतःसाठी केलेला नियम आहे, पण बहुतेक सगळी विधेयकं त्याच दारातून जातात.

१९ डिसेंबरला सिनेटने भिंतीचा पैसा न घालता ८ फेब्रुवारीपर्यंतची तात्पुरती सोय आवाजी मतदानाने पास केली, आवाजी, म्हणजे मोजायची पण गरज वाटली नाही कोणाला. सगळ्यांनी धरलं होतं की झालं, आता ख्रिसमसला घरी. दुसऱ्या दिवशी रेडिओ-टीव्हीवरच्या कट्टर समर्थकांनी आणि हाऊसमधल्या फ्रीडम कॉकसने (रिपब्लिकन पक्षातला कडवा गट) ट्रम्प यांना इतकं टोचलं की त्यांनी सही करणार नाही म्हणून सांगितलं, हाऊसने लगेच ५७० कोटी घालून वेगळं विधेयक २१७ विरुद्ध १८५ ने पास केलं, ते सिनेटमध्ये ६० पर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, आणि २१ च्या मध्यरात्री पैसे संपले. व्हेटो, म्हणजे पास झालेलं विधेयक नाकारायचा राष्ट्राध्यक्षाचा अधिकार, वापरावा पण लागला नाही, नुसती सही करणार नाही म्हणाले तेवढ्यावर काम झालं. कार्यकारी बाजूची खरी ताकद अशीच असते, ती कागदावर उमटत नाही.

बंद म्हणजे नक्की काय बंद

सुमारे ८ लाख फेडरल कर्मचारी यात सापडले. त्यातल्या साधारण ३ लाख ८० हजारांना घरी बसवलं आणि बाकी ४ लाख २० हजारांना सांगितलं की तुम्ही अत्यावश्यक आहात, कामावर या, पगार मात्र नंतर. विमानतळावर बॅगा तपासणारे, एअर ट्रॅफिक कंट्रोलर, तुरुंगाचे पहारेकरी, सीमेवरचे गार्ड सगळे या दुसऱ्या गटात. म्हणजे ज्या सीमेसाठी हे सगळं चाललं होतं त्या सीमेवरचाच माणूस बिनपगारी उभा. ११ जानेवारीला पहिला पगार चुकला आणि लोकांनी ० डॉलरच्या सॅलरी स्लिपचे फोटो टाकले. १५ तारखेला कोस्ट गार्डचा चुकला. लष्कर, नौदल, हवाईदलाचे पैसे सप्टेंबरच्या पाचात येऊन गेले होते, पण कोस्ट गार्ड होमलँड सिक्युरिटीखाली येतं म्हणून सैन्यदलांपैकी फक्त तेच लटकलं.

नॅशनल पार्कची गेटं उघडी ठेवली पण स्टाफ जवळपास नाही, त्यामुळे संडास तुंबले, कचरा ओसंडला, कॅलिफोर्नियाच्या जोशुआ ट्री पार्कमध्ये झाडांची नासधूस झाली. स्मिथसोनियनची म्युझियम्स शिल्लक पैशांवर १ जानेवारीपर्यंत चालली, २ ला बंद. व्हाईट हाऊसचा पण बराच स्टाफ घरी होता, आणि १४ जानेवारीला क्लेमसन युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम जेवायला आली तेव्हा ट्रम्प यांनी स्वतःच्या खिशातून बर्गर मागवून चांदीच्या तबकांत मांडले, तो फोटो तुम्ही पाहिला असेलच.

न्यू जर्सी, बे एरिया, डॅलसकडच्या मराठी घरांत पहिला प्रश्न व्हिसाचा होता आणि त्याचं उत्तर याच १२ विधेयकांच्या हिशोबात होतं. एच-वन-बी चे अर्ज तपासणारं खातं लोकांच्या फीवर चालतं म्हणून चालू राहिलं. त्याआधी लागणारं कामगार खात्याचं सर्टिफिकेशन, त्याचे पैसे सप्टेंबरमध्येच मंजूर होते, म्हणून तेही चालू. पण ई-व्हेरिफाय, म्हणजे नवीन माणूस कामावर घेताना त्याचे कागद तपासायची ऑनलाइन सिस्टीम, ती पूर्ण बंद. इमिग्रेशन कोर्टात जे डिटेन्शनमध्ये नाहीत त्यांच्या तारखा पुढे ढकलल्या, आणि त्या कोर्टात तारीख आधीच वर्षावर्षांनी मिळते. २०२५ च्या शटडाऊनला मात्र कामगार खात्याचेच पैसे अडकले होते आणि सर्टिफिकेशन थांबलं, त्यामुळे 'मागच्या वेळी तर काही झालं नव्हतं' म्हणणारे तेव्हा चांगलेच अडकले.

१६ जानेवारीला कायदा झाला की मागचा पगार सगळ्यांना मिळेल. सगळ्यांना म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांना. सरकारी इमारतींत झाडू मारणारे, कॅन्टीन चालवणारे, गेटवरचे कंत्राटी लोक त्यात नव्हते आणि त्यांना ते पैसे मिळाले नाहीत. बातम्यांत ८ लाखांचा आकडा सारखा यायचा, हे लोक त्या आकड्यात धरलेलेच नाहीत.

जानेवारी: दोन टोकं

३ जानेवारीला पलोसी हाऊसच्या स्पीकर झाल्या. इथला स्पीकर म्हणजे आपल्या लोकसभा अध्यक्षांसारखा वर बसून 'बसा, बसा' म्हणणारा नाही, तो उघड उघड बहुमतवाल्या पक्षाचा म्होरक्या असतो, कोणतं विधेयक मतदानाला आणायचं हे त्याच्या हातात. हाऊसने त्याच दिवशी सरकार उघडायची विधेयकं पास करून सिनेटकडे पाठवली, आणि सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मकॉनेल यांनी सांगितलं की राष्ट्राध्यक्ष सही करणार नाहीत असलं काही मी पटलावर घेणारच नाही. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस ट्रम्पही नाही आणि पलोसीही नाही, मकॉनेल आहे. कारण दोन आठवड्यांपूर्वी याच सिनेटने जवळपास तेच आवाजी मतदानाने पास केलं होतं. व्हेटो फिरवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश लागतात, ते जमलं असतं की नाही माहीत नाही, पण तो प्रश्न विचारायचाच नाही असं एका माणसाने ठरवलं आणि कायदेमंडळाची अर्धी बाजू स्वतःहून खाली बसली. घटना लिहिणाऱ्यांनी धरलं होतं की काँग्रेस आपला अधिकार जपेल, राष्ट्राध्यक्ष आपला जपेल. पक्ष मधे येतील आणि सिनेटर आधी पक्षाचा, मग सिनेटचा होईल हे त्या हिशोबात नव्हतं.

मधल्या काळात जे झालं ते शाळेतल्या भांडणाच्या वर नव्हतं. १६ जानेवारीला पलोसींनी ट्रम्प यांना पत्र लिहिलं की सुरक्षेच्या लोकांना पगार नाहीये तेव्हा तुमचं स्टेट ऑफ द युनियनचं भाषण (राष्ट्राध्यक्षाचं काँग्रेसपुढचं वार्षिक भाषण) पुढे ढकलू. हे त्या करू शकत होत्या, कारण दोन्ही सभागृहांनी ठराव करून बोलावल्याशिवाय राष्ट्राध्यक्षाला संयुक्त बैठकीपुढे उभं राहता येत नाही. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांचं उत्तर आलं, पलोसी अफगाणिस्तानच्या दौऱ्यावर निघाल्या होत्या, मंडळी निघायच्या तयारीत, आणि पत्रात लिहिलं होतं की लष्कराचं विमान मिळणार नाही, जायचं तर साध्या विमानाने जा. तुझ्याकडे व्यासपीठ आहे तर माझ्याकडे विमान आहे. बघायला पोरकट, पण कोणता अधिकार कुणाचा हे पाठ्यपुस्तकापेक्षा इथे चांगलं कळतं.

२४ जानेवारीला शेवटी सिनेटमध्ये दोन मतदानं झाली, एक ट्रम्प यांच्या प्रस्तावावर, त्याला ५० विरुद्ध ४७, एक भिंतीशिवायच्या प्रस्तावावर, त्याला ५२ विरुद्ध ४४. दोन्ही ६० च्या खाली, दोन्ही पडले. पण ५१-४९ च्या सिनेटला आता ५३-४७ रिपब्लिकन बहुमत झालेलं असताना विरोधकांच्या प्रस्तावाला जास्त मतं मिळाली, ६ रिपब्लिकन फुटले. त्याच दिवशी वाणिज्यमंत्री विल्बर रॉस टीव्हीवर म्हणाले की लोक फूड बँकेत का जातायत कळत नाही, कर्ज मिळतं की. स्वतः गडगंज श्रीमंत माणूस. त्या वाक्याने किती नुकसान केलं असेल ते असेल.

आणि मग २५ ला सकाळी जे कॅपिटलमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या इमारतीत, महिनाभर झालं नाही ते फ्लोरिडा आणि व्हर्जिनियातल्या दोन एअर ट्रॅफिक सेंटरांनी काही तासांत केलं. मोजके कंट्रोलर आजारी म्हणून आले नाहीत, त्या दिवशी त्यांचा दुसरा पगार चुकणार होता. माणसं कमी म्हणून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर येणारी विमानं काही वेळ रोखली, न्यूअर्क आणि फिलाडेल्फियाला उशीर सुरू झाला, आणि त्याच दुपारी ट्रम्प रोझ गार्डनमध्ये येऊन म्हणाले की १५ फेब्रुवारीपर्यंत सरकार उघडतोय. भिंतीला एक पैसा न घेता. जवळपास तेच, जे १९ डिसेंबरला मिळत होतं. काँग्रेसच्या बजेट ऑफिसने नंतर हिशोब मांडला की या ३५ दिवसांत अर्थव्यवस्थेला सुमारे १,१०० कोटी डॉलरचा फटका बसला, त्यातले ३०० कोटी कायमचे गेले.

मागचं दार

बहुतेक लेख इथे थांबतात, संसदेने राष्ट्राध्यक्षाला नमवलं म्हणून. पण खरं प्रकरण पुढे आहे.

१४ फेब्रुवारीला दोन्ही सभागृहांनी मोठ्या बहुमताने तडजोड पास केली, सिनेटमध्ये ८३-१६, त्यात भिंतीला १३७.५ कोटी डॉलर, साधारण ५५ मैल कुंपण. ट्रम्प यांनी १५ ला त्यावर सही केली आणि त्याच दिवशी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून तिच्या जोरावर लष्कराच्या बांधकामाच्या निधीतून ३६० कोटी, आणि आणीबाणी न लागणाऱ्या वेगळ्या कायद्यांखाली संरक्षण खात्याच्या अमली पदार्थविरोधी कामातून २५० कोटी आणि ट्रेझरीच्या (अर्थखात्याच्या) जप्तीच्या फंडातून ६० कोटी भिंतीकडे वळवायचं ठरवलं. म्हणजे मागितले ५७०, काँग्रेसने दिले १३७, आणि सगळं मिळून होत होते ८०० च्या वर! वर पत्रकारांसमोर म्हणाले की हे करायची मला गरज नव्हती, फक्त लवकर करायचं होतं. आणीबाणीबद्दल असं बोलतात का? (आपल्या १९७५ शी गल्लत करू नका, तिथली ही आणीबाणी म्हणजे नागरिकांचे हक्क गोठवणं नाही, इतर कायद्यांत झोपलेले विशेष अधिकार जागे करायची कळ आहे.)

ही कळ काँग्रेसनेच दिलेली. १९७६ चा नॅशनल इमर्जन्सीज अॅक्ट खरं तर राष्ट्राध्यक्षांना आवर घालायलाच केला होता, कारण तेव्हा लक्षात आलं होतं की १९३३ ची आणीबाणी पण कागदावर अजून चालूच आहे. त्यात तोड ठेवली होती की दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की आणीबाणी संपली, राष्ट्राध्यक्षाच्या सहीची गरज नाही. ही तोड पुढे मोडली ती एका भारतीय वंशाच्या माणसाच्या केसमुळे. जगदीश राय चढ्ढा, केनियात जन्म, ब्रिटिश पासपोर्ट, ओहायोला शिकायला आलेला, व्हिसा संपला. त्याला हद्दपार करू नये असं इमिग्रेशनच्या न्यायाधीशाने ठरवलं होतं, पण १९७५ मध्ये हाऊसने एकट्यानेच ठराव करून ते रद्द केलं. तो भांडत भांडत सुप्रीम कोर्टात गेला आणि १९८३ मध्ये ७ विरुद्ध २ ने जिंकला. कोर्ट म्हणालं, काँग्रेसला कायद्याचा परिणाम हवा असेल तर दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्षापुढे सही-व्हेटोला, हा पूर्ण रस्ता चालावाच लागेल. चढ्ढांच्या बाबतीत निकाल न्यायाचाच होता, पण सहीशिवायचे सगळे ठराव त्यासोबत गेले, आणि १९८५ मध्ये आणीबाणीच्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली की संपवायचा ठराव राष्ट्राध्यक्षाकडे जाईल आणि तो व्हेटो करू शकेल.

परिणाम बघा. अधिकार देताना साधं बहुमत पुरलं, परत घेताना दोन तृतीयांश पाहिजे. २०१९ मध्ये नेमकं तेच झालं. हाऊसने आणीबाणी संपवायचा ठराव २४५-१८२ ने केला, सिनेटने ५९-४१ ने, १२ रिपब्लिकनसह, म्हणजे दोन्ही सभागृहांचं स्पष्ट बहुमत म्हणत होतं की नको. १५ मार्चला ट्रम्प यांनी व्हेटो केला, त्यांचा पहिलाच व्हेटो, आणि २६ मार्चला हाऊसमध्ये २४८-१८१ पडली, लागत होती २८६. संपलं. जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने ५-४ ने २५० कोटी तूर्त वापरू दिले, खटला दाखल करणाऱ्यांना तो करायचा हक्कच बहुधा नाही या मुद्द्यावर, म्हणजे पैसा असा वळवणं घटनेत बसतं का हा मूळ प्रश्न तसाच राहिला. रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांनी विधेयक आणलं होतं की काँग्रेसने ३० दिवसांत होकार दिला नाही तर आणीबाणी आपोआप संपावी, समितीत पास पण झालं, पुढे सरकलं नाही.

बायडन यांनी २० जानेवारी २०२१ ला पहिल्याच दिवशी ती आणीबाणी संपवली. ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला पहिल्याच दिवशी त्याच सीमेवर परत लावली. मात्र या वेळी भिंतीचा पैसा आणीबाणीतून आला नाही. सिनेटमध्ये ६० चा नियम टाळायची एक अधिकृत वाट आहे, रिकन्सिलिएशन, कर आणि खर्चाच्या विधेयकांना वापरता येते आणि साधं बहुमत पुरतं. २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी ती करकपातीला वापरली होती, भिंतीला नाही. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या मोठ्या विधेयकात त्यांनी याच वाटेने भिंतीला सुमारे ४,६५० कोटी डॉलर घातले, २०१८ च्या मागणीच्या आठपट. सिनेटमध्ये ५०-५० झालं आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या एका मताने ते पास झालं.